सातारा कचेरीमागं

धोंडुबाई आमच्या घरी आली ती शेणासाठी. माझ्या सासूबाई चंद्राबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या पुढं जन्मभर सांगत राहिल्या की आम्ही तिला आसरा दिला. पण खरं ते खरं. आमच्या साताऱ्याच्या घरी तेव्हा दोन म्हशी होत्या, शेणी थापायला येणारी बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, आणि गोठ्यात माश्या घोंगावत होत्या. पुण्य कमी आणि शेण जास्त, असा तो मामला होता.

बहात्तर साल सरत आलं होतं. मी मामंजींबरोबर कचेरीत गेले होते. मामंजी म्हणजे माझे सासरे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पेन्शनीच्या कामाला गेले की कारकुनाशी त्यांचं भांडण ठरलेलं, म्हणून आवरायला घरचं माणूस सोबत लागायचं. भांडण आवरायला मी अगदी चुकीचं माणूस होते, पण ते असो.

कचेरीच्या मागच्या भिंतीला टेकून एक बाई बसली होती. अंगावर काळं घोंगडं, मांडीवर पाच-सहा वर्षांची पोरगी, बाजूला गाठोडं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच विचारत होती, "आवं, जतकडचा अर्जुना हितं कुटं ऱ्हातुय?" लोक मान हलवून पुढं जात होते. पोरीचं अंग फणफणलेलं होतं, ओठ सुकले होते. मला असलं काही दिसलं की आधी राग येतो, मग बाकीचं. मी म्हटलं, "पोर तापलंय, आणि अशी उन्हात काय बसलीस? सावलीला तरी जा."

"मालकानं हितंच बोलावलंय," ती म्हणाली. "हितनं हालले तर चुकामूक हुईल."

मामंजींनी तिचं गाव विचारलं. ती म्हणाली, तालुका जत. मामंजी म्हणाले, "म्हणजे सांगली जिल्हा. एवढ्या लांब कशाला आलीस?" ती पुन्हा तेच म्हणाली, मालकानं बोलावलंय. घरी आल्यावर मी आत्याबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी दुसरं काही न विचारता एवढंच विचारलं, "शेन थापती का ती?"

अशी ती आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला आली.

तिची हकिकत मला एका दिवशी कळली नाही. शेणी थापता थापता ती थोडंथोडं बोलायची, आणि मी भिंतीवर बसून ऐकायची. तिचं गाव जतच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. घरची मेंढरं, पावसावरची थोडी ज्वारी. दोन वर्षं ज्वारी कणसावर आलीच नाही. टँकर आला तर पाणी, नाहीतर नाही. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन पोरीचं पोट बिघडलेलं. शेवटी तिचा नवरा अर्जुना आणि त्याचा म्हातारा चुलता बिराप्पा उरलीसुरली मेंढरं घेऊन कृष्णेच्या अंगाला गेले, की चारा मिळेल. मेंढरं वाटेत मेली ती मेली, बाकीची मिळेल त्या भावाला गेली. आणि एके दिवशी बिराप्पा एकटाच परत आला, हातात नुसती काठी.

दारात उभं राहून तो पाणी प्याला आणि त्यानं निरोप सांगितला. "अर्जुना सातारा कचेरीमागं ऱ्हायलाय. लाकडाच्या वखारीत लागलाय. खोपाट घातलंय. पोरीला घिऊन ये म्हनलाय."

धोंडुबाईचा भाऊ बाळासो त्याच सुमाराला तिला न्यायला आला होता. त्याचा बेत वेगळा होता. सांगलीत त्याच्या मेव्हण्याचं पत्र्याचं घर होतं, आणि हळद निवडायला बायका लागतात, तर अक्कानं तिकडं चलावं. जतकडची माणसं जगायला सांगलीलाच जातात, पाणी उताराला जातं तशी. साताऱ्याला कोण जातं? त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "आवं आज्जा, त्यो सांगलीला असंल की. नीट आठवा."

बिराप्पा भडकला. "सांगलीला काय बाजार करायला गेलाय व्हय त्यो? सातारा कचेरीमागं हाय म्हनतुय न्हवं."

झालं. आता बाईनं ठरवायचं होतं. एका बाजूला सांगली; जवळची, भावाच्या माणसांची, हाताला काम आणि डोक्यावर पत्रा. दुसऱ्या बाजूला सातारा. लांबचा, जिथं ओळखीचं कुत्रंही नाही, पण नवरा आहे. बाळासोनं तिला परोपरीनं सांगितलं, की आधी सांगलीत पाय टेक, मग मी साताऱ्याला जाऊन दाजींना शोधतो. ती म्हणाली, "त्यानं खोपाट घातलंय. मी भावाकडं जाऊन बसले तर त्येला काय वाटंल?"

साताऱ्याची एसटी सांगलीतच बदलावी लागते. सांगलीच्या स्टँडवर ती पोरीला घेऊन बसली होती. भर दुपार, पोर तापानं निपचित. बाळासो शेवटचं म्हणाला, "अक्का, आजच्या दिस ऱ्हा गं. पोर बग कशी झालीया." ती म्हणाली, "आज ऱ्हायले तर उद्या पाय निगायचा न्हाई रं." गाडी लागली आणि ती चढली. इस्लामपूरच्या बाजूला दोन्हीकडं हिरवा ऊस लागला, तेव्हा पोरगी जरा डोळे उघडून म्हणाली, "आई, हितं पाऊस कुनी पाडला?" हे सांगताना धोंडुबाई हसायची. तिला हसताना मी एवढ्या एकाच गोष्टीवर पाहिलं.

आमच्या कचेरीमागं वखार नव्हतीच. भिंत होती, दोन कडुलिंब होते, झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले लोक होते. तिला वाटलं, वखार हलली असेल, नवरा कुठं कामावर गेला असेल, सांजच्याला येईल. सांजच्याला आला नाही.

मग तिचा नेम सुरू झाला. सकाळी शेण, झाडलोट, म्हशींचं पाणी. ते झालं की पोरीला काखेला मारून कचेरीमागं. तिथं बसून राहायची. साताऱ्यातली एकही वखार तिनं सोडली नाही. काळं घोंगडं पांघरलेला कुठलाही पुरुष दिसला की मागं धावायची. आत्याबाई वैतागायच्या. "नवरा काय भिंतीतनं उगवनार हाय का?" असं त्यांनी एकदा तोंडावर विचारलं. धोंडुबाई दुसऱ्या दिवशीही गेली.

थंडी पडली तशी पोरगी खोकायला लागली. मामंजींनी मिलिटरीच्या दवाखान्यातनं कसलंसं लाल औषध आणून दिलं. मी रागावून म्हटलं, "तू गावाकडं परत जा. त्या म्हाताऱ्याला घेऊन ये आणि दाखवू दे त्याला कचेरी." ती म्हणाली, "गावात कोन हाय आता? म्हातारं बी खडी फोडायला गेलं म्हनं, कुटं ते ठावं न्हाई. आन मी गेले, आन ह्यो हितं आला तर?"

एकदा बातमी आली की नदीला बेवारस प्रेत लागलंय, धनगराचं दिसतंय. धोंडुबाई हातातलं शेण न धुता निघाली. मी तिच्यामागं जायला हवं होतं, पण मला धीर झाला नाही; मी तिच्या पोरीला घेऊन दारात बसले. दिवस मावळायच्या आत ती परत आली. "न्हवता," म्हणाली. हात धुतले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. एरवी अर्धी खायची. परक्याच्या मरणानं माणसाला भूक लागते, हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला तिचा राग आला नाही.

पण त्यानंतर ती खचत गेली. कचेरीमागं जायची, पण विचारायची नाही कुणाला. नुसती बसायची. एके दिवशी मला म्हणाली, "वैनी, त्येनं दुसरी केली आसंल तर बरं. निदान जित्ता तरी आसंल." मी तिच्यावर ओरडले. असलं अभद्र बोलू नको म्हणून ओरडले, पण खरं तर मला भीती वाटली होती. बाई इतकी खाली उतरली होती की सवतसुद्धा तिला आशा वाटत होती.

मग ती बिराप्पाला शिव्या द्यायला लागली. शेणाचा गोळा भिंतीवर मारायची आणि एक शिवी. शेणी तिरक्या पडायला लागल्या. होळीच्या आधीची गोष्ट. मामंजी गोठ्यात म्हैस पाहायला आले होते, त्यांच्या कानावर ते पडलं.

"एवढ्या शिव्या कुणाला?"

"त्या थेरड्याला," धोंडुबाई म्हणाली. "निरोप दिऊन माझं वाटुळं केलं."

मामंजींना फौजेची सवय. हुकूम काय होता ते शब्दाला शब्द कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. इतके महिने त्यांनी तो विचारला नव्हता, कारण आम्ही सगळे हेच सातारा धरून चाललो होतो. ते म्हणाले, "म्हातारा काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत सांग."

"सातारा कचेरीमागं हाय म्हनला."

"साताऱ्यातल्या कचेरीमागं, का सातारा कचेरीमागं?"

ती गोंधळली. "सातारा कचेरी. त्येंच्या घरात समदी तसंच म्हनत्यात. माज्या सासऱ्यानं बांधाची केस जितली ती बी सातारा कचेरीतच."

"केस कधीची?"

"माज्या लग्नाच्या आदीची. चौदा-पंदरा वर्सं तरी झाली की त्येला."

मामंजी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "आमच्या कंपनीत जतची पोरं होती. त्यांच्या नावापुढं जिल्हा लिहिलेला असायचा, दक्षिण सातारा." माझ्या लक्षात येईना. तेव्हा ते म्हणाले, "अगं, सांगली जिल्ह्याचं नाव आधी दक्षिण सातारा होतं. कचेरी सांगलीतच. पाटीवर तेवढं नाव साताऱ्याचं."

धोंडुबाईच्या सासरच्यांनी ती पाटी पाहिली होती. 'दक्षिण' हा शब्द बामणी, तो त्यांच्या जिभेवर बसला नाही. सातारा तेवढं राहिलं. त्यांच्या लेखी सांगली म्हणजे बाजार आणि कचेरी ती साताऱ्याची. पुढं नाव बदललं, पाटी नवी रंगवली. पण मेंढरामागं हिंडणाऱ्याला ते सांगायला कोण जाणार? धोंडुबाई कर्नाटकातनं लग्न होऊन आलेली. तिला सासरचा हा शब्द माहीत होता, शब्दामागचं गाव माहीत नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल, पण त्या दिवशी तोंडाशी आली आणि मी गिळली.

मामंजींनी तिला समजावून सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हंजे सांगलीत? त्या स्टँडवर मी बसले हुते, त्या सांगलीत?" मग हात धुवायला गेली आणि तिथंच बसली. मी पाणी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. मामंजी, मी, ती आणि मनी. तिच्या पोरीचं नाव मनुबाई, पण आम्ही मनीच म्हणायचो. गाडीत धोंडुबाई तरतरीत दिसत होती. तिनं पोरीची वेणी घातली, आपलं कुंकू नीट केलं. मध्येच मला म्हणाली, "लय चिडला आसंल का हो?" मी म्हटलं, "चिडला तर माझ्याकडं पाठव." मला खरोखर वाटत होतं की आता सुटलो. माझ्यासारख्या कडू जिभेच्या बाईलाही कधीकधी असं गोड वाटतं.

सांगलीतल्या कचेरीमागं एक बोळ होता. बोळाच्या तोंडाशी वखार, लाकडाच्या फोडींचा ढीग, आणि पुढं चार-पाच खोपटी. एका खोपटासमोर एक म्हातारी गोवरी फुंकत बसली होती. तिचं नाव बयाबाई. आम्ही काही विचारायच्या आत ती मनीकडं बघून उठली.

"ही मनी न्हवं?" ती म्हणाली.

परक्या गावात परकी म्हातारी पोरीचं नाव घेते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. धोंडुबाईला कळलं असावं, कारण तिनं पोरीला जवळ ओढलं आणि विचारलं, "कामावर गेल्यात का?"

बयाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "लय येळ केलास गं बाई," ती म्हणाली.

अर्जुना गेला होता. पौषाच्या थंडीत ताप भरला, छातीत कफ धरला, आणि माघातल्या अमावास्येला गेला. वखारीतल्या माणसांनीच सगळं केलं. ती हे सांगत होती आणि धोंडुबाई खोपटाकडं बघत उभी होती. खोपटाला नवी पाचट घातलेली होती. आत तीन दगडांची चूल, चुलीत राख नव्हती, न पेटवलेली; बायको येईपर्यंत तो बयाबाईकडंच जेवायचा. शेजारी लाकडाचा लहानसा पाट, वखारीतल्या फळीचा तासलेला. पोरीसाठी, हे कुणी सांगायला नको होतं.

मला राग आला. मेलेल्या माणसावर राग काढावा असा तो राग होता. मी बयाबाईला विचारलं, "एवढे महिने बसून काय राहिला? गावाकडं जाऊन बायकोला आणता येत नव्हतं?"

"निगाला हुता की," बयाबाई म्हणाली. "पर त्येच्या गावाकडचा एक बाप्या बाजारात भेटला. त्यो म्हनला, तुजी बायकू कवाच निगाली, सातारा कचेरीला. मग ह्यो कशाचा जातुय? रोज सांजच्याला स्टँडवर जायचा. जतची गाडी रिकामी झाली तरी उबा ऱ्हायचा. मी म्हनायची, अरं तपास कर, कुटं अडली ती. तर म्हनायचा, मी हितनं हाललो तर चुकामूक हुईल."

धोंडुबाईच्या तोंडातून आवाज निघाला. रडणं नव्हे ते. मेंढरू अडकल्यावर जसं करतं तसा काहीतरी आवाज. मी तिला धरलं.

"दवाखान्यात नेतो म्हनलं तर त्ये बी न्हाई," बयाबाई सांगत होती. तिला थांबवायला हवं होतं, पण ती तरी कुणाला सांगणार होती इतके दिवस? "म्हनला, ती आली आन खोपाट मोकळं दिसलं तर परत जाईल. म्हनून हितंच पडून ऱ्हायला."

लोक याला नशीब म्हणतात. आत्याबाईही म्हणाल्या. मला नशीब म्हणणाऱ्यांचा संताप येतो. दोघंही शहाणी होती, दोघांनीही शब्द पाळला, दोघंही सातारा कचेरीमागं बसून राहिली. एक इथं आणि एक तिथं. यात नशिबाचं काय? मला अजून धड सांगता येत नाही, पण नशीब म्हटलं की माझं डोकं फिरतं.

दुपार कलली तेव्हा मामंजी धोंडुबाईजवळ गेले. लढाईत माणसं पुरून आलेला तो माणूस, पण ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "पोरी, चल परत. गोठ्याची खोली नको, माडीवरची देतो. पोरीला साताऱ्यात शाळेत घालू."

परत तोच पेच. या वेळी सगळं उलटं होतं. साताऱ्यात छप्पर, भाकरी, आमच्यासारखी बरीवाईट माणसं. सांगलीत एक पाचटाचं खोपाट आणि न पेटवलेली चूल. ती येणार असंच मी धरून चालले होते. मला ती हवीच होती, हे मी स्पष्ट सांगते. शेणासाठी नव्हे, माझं ऐकून घेणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

धोंडुबाईनं बयाबाईकडं विस्तव मागितला. गोवरीचा निखारा खापरीत घेऊन आत गेली आणि चूल पेटवली. मग बाहेर येऊन म्हणाली, "न्हाई सुभेदारसाब. बोलावनं हितलं हुतं."

आम्ही दोघंच परतलो. कऱ्हाड येईपर्यंत मामंजी खिडकीबाहेर बघत होते. मी रडले. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, पण रडले.

पुढं ती हळद निवडायला जाऊ लागली. बाळासोच्या मेव्हण्यानंच काम लावून दिलं, म्हणजे पहिल्या दिवशी मिळणारं काम तिला शेवटी मिळालं. मी वर्षातनं एकदा सांगलीला जायची. तिचे हात पिवळे झालेले असायचे, पोरगी उंच होत चाललेली. बापानं केलेल्या पाटावर बसून जेवायची.

एक खोड मात्र तिला लागली होती. कुणी विचारलं, "मावशी, राहता कुठं?" की ती सांगायची, "साताऱ्यात." सांगलीच्या बाजारात उभी राहून, सांगलीच्या माणसाला. टांगेवाले हसायचे. मनीला शाळेत घातलं तेव्हा मी बरोबर होते. गुरुजींनी पत्ता विचारला, ती म्हणाली, "सातारा कचेरीमागं." गुरुजींनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. मी मध्ये पडून म्हटलं, लिहा सांगली, आणि बाहेर आल्यावर तिला फैलावर घेतलं. "अगं, आता तरी नीट नाव घे. या एका शब्दापायी काय झालं ते तुला ठाऊक नाही का? लोक वेडी म्हणतात तुला."

तिनं मनीच्या पाटीवरची धूळ पदरानं पुसली.

"म्हनू द्यात," ती म्हणाली. "सांगलीला माजा भाऊ बोलवत हुता, वैनी. तिकडं मी गेले न्हाई. मालकानं साताऱ्याला बोलावलं, तितं आले. येळ झाला, पर आले."

मग मनीचा हात धरून ती कचेरीमागच्या बोळाकडं चालायला लागली, आणि मला स्टँडची वाट दाखवायला थांबलीच नाही.